रीह, रूह आणि राहत

पोटातून सुटणाऱ्या वाऱ्याला आपल्या घरांत किती नावे आहेत, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. घरात दखनी किंवा कोकणी, शाळेत मराठी, मकतबात उर्दू-अरबी आणि दवाखान्यात मोडकीतोडकी इंग्रजी, अशा तीन-चार जिभा वागवीत आपण वाढतो. त्यामुळे ही यादी आपल्याकडे इतरांपेक्षा थोडी लांबच भरते. पाद, फुसकी, वारा, वात, अपानवायू, हवा, बादी, रियाह, रीह, हदस आणि आता या सर्वांना पुरून उरलेला गॅस. एवढे शब्द पदरी असूनही ज्याला खरोखर त्रास आहे असा माणूस डॉक्टरसमोर बसला की त्याला यातला एकही सापडत नाही. तो पोटावर हात ठेवतो, "इथं जरा..." म्हणतो आणि थांबतो.

साहित्याच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. वाटू द्यावे. प्रेम, मृत्यू, फाळणी, अस्मिता यांवर आपण पुष्कळ लिहिले आणि पुढेही लिहू. पण बादशहापासून भिश्तीपर्यंत प्रत्येक माणूस जी गोष्ट दिवसातून दहा-वीस वेळा करतो, तिच्याविषयी बोलताना आपली भाषा इतकी चोरटी का होते, हा प्रश्नही साहित्याचाच आहे. त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे आणि तो नीतीचा आहे. शरम नेमकी कुणी बाळगायची? ज्याच्याकडून वारा सरला त्याने, की ज्याने तो ऐकला त्याने?

आधी शब्दांकडे पाहू. कारण शब्द आपल्याइतके लाजाळू नसतात, ते आपला वंश लपवत नाहीत.

'पाद' हा शब्द आज शिवराळ मानला जातो, पण त्याचे घराणे फार जुने आहे. संस्कृतात 'पर्द्' असा धातू आहे. सर्पाचा प्राकृतात सप्प झाला आणि मराठीत साप. कर्माचे कम्म झाले आणि मग काम. अगदी त्याच वाटेने पर्दाचा पद्द आणि पद्दाचा पाद झाला. पाऊल किंवा श्लोकाचा चरण या अर्थाचा संस्कृत 'पाद' वेगळा; पूज्यपाद, पादुका, पादचारी हे सगळे त्याचे वंशज. दोघांची गाठ मराठीत येऊन पडली आणि संस्कृतच्या तासाला मुलांनी बाकाखाली तोंड लपवून हसण्याची सोय झाली. गंमत अशी की हे दोन्ही शब्द इंग्रजीतही जोडीनेच गेले आहेत. आपला 'प' तिकडे 'फ' होतो आणि 'द'चा 'ट' होतो, हा भाषाशास्त्रातला प्रसिद्ध नियम. पितरचा फादर झाला तसा पाऊलवाचक पादाचा फूट झाला आणि पर्दाचा फार्ट. ग्रीकांकडे 'पर्दोमाय' आहे, लिथुआनियन आणि रशियन भाषांतही याच मुळाची क्रियापदे आहेत. हजारो वर्षांपूर्वी एकमेकांपासून दुरावलेली माणसे देव, राज्य, वेशभूषा, अन्न सगळे बदलत गेली. हा शब्द मात्र त्यांनी जवळपास जसाच्या तसा जपला. मोल्सवर्थसाहेबांच्या १८५७च्या कोशातही तो बिनदिक्कत बसलेला आहे. शब्दाला हाकलून लावले ते नंतरच्या पांढरपेशा मराठीने. तरी म्हणीतून तो काही गेला नाही. 'पादऱ्याला पावट्याचे निमित्त' ही म्हण आजही राजकारणावर बोलताना हटकून कामी येते.

फुसकीची गोष्ट वेगळी. ती आवाजावरून, किंवा आवाज न होण्यावरून, बनलेली आहे. तिचाच भाऊ 'फुसका' मात्र चारचौघांत उजळ माथ्याने फिरतो: फुसका बार, फुसकी धमकी. अरबीत बिनआवाजी वाऱ्याला 'फुसा' आणि आवाजीला 'दुरात' म्हणतात. फुसा आणि फुसकी यांचे नाते लावण्याचा मोह होतो. पण इथे नाते रक्ताचे नाही, कानाचे आहे. दोन वेगळ्या भाषांतल्या माणसांनी एकच आवाज ऐकला, एवढेच.

रक्ताचे नाते आहे ते वात आणि बादी यांचे. घरातल्या वडीलधाऱ्या बायका वाल, पावटे, हरभऱ्याची डाळ यांना 'बादी' म्हणतात आणि शेजारच्या काकू त्याच डाळीला 'वातूळ' म्हणतात. दोघी एकच शब्द उच्चारत असतात. संस्कृतातला 'वात' अवेस्तातही 'वात'च होता, मध्य फारसीत तो 'वाद' झाला आणि पुढे 'बाद'. उर्दू शायरीतली पहाटेची झुळूक, ती 'बाद-ए-सबा', आणि पोटातली बादी ही एकाच घरची लेकरे. दोन्ही स्वयंपाकघरांत उपायही एकच: चिमूटभर हिंग, ओवा, जेवणानंतर बडीशेप. हकिमांची जवारिश कमूनी म्हणजे तरी काय, जिऱ्याचाच कारभार. कमून म्हणजे जिरे.

आता अरबीकडे येऊ. रीह म्हणजे वारा, अनेकवचन रियाह. रे-वाव-हे या तीन अक्षरांच्या मुळातून निघालेले कुटुंब पाहिले की माणूस क्षणभर गप्प होतो. रूह म्हणजे आत्मा. राहत म्हणजे आराम, सुटका. राइहा म्हणजे गंध. रैहान म्हणजे सुगंधी वनस्पती, आपल्याकडे सब्जा. त्यावरूनच आपल्या गल्लीगल्लीतल्या रेहाना आणि रेहान. रमजानच्या रात्रीची तरावीहसुद्धा याच मुळाची, कारण चार चार रकातींनंतर थोडा विसावा घ्यायचा असतो. कुरआनात वारा बहुतेक ठिकाणी एकवचनी 'रीह' असतो तेव्हा तो अजाब घेऊन येतो आणि अनेकवचनी 'रियाह' असतो तेव्हा पावसाची खुशखबर, असे मुफस्सिरांनी नोंदवले आहे. दूर असलेल्या याकूब पैगंबरांना हरवलेल्या यूसुफचा जो गंध आला, त्यालाही शब्द 'रीह' हाच आहे. आणि युनानी दवाखान्यात पोट फुगलेल्या माणसाच्या कागदावर हकीम लिहितात तोही 'रियाह'च. यात बेअदबी कुणी शोधू नये. एकच पाणी मशिदीच्या हौदातही असते आणि शेतातल्या पाटातही.

संस्कृतानेही हीच जुळवाजुळव केली आहे. प्राण आणि अपान हे दोन्ही 'अन्' म्हणजे श्वास घेणे या धातूपासूनचे; एक 'प्र' लावून पुढे निघालेला, दुसरा 'अप' लावून खाली उतरलेला. अनिल हे नावही त्याच धातूचे. लॅटिनमध्ये याच मुळाचा 'अॅनिमा' म्हणजे आत्मा. म्हणजे आळीतला अनिल आणि रेहाना, दोघांच्याही नावात वारा आहे, आणि दोन्ही भाषांत त्या वाऱ्याचे एक टोक आत्म्याला तर दुसरे आतड्याला बांधलेले आहे. ज्यांनी ही भाषा घडवली त्यांना त्यात वावगे वाटले नाही. माणूस जिवंत आहे म्हणजे त्याच्यातून वारा ये-जा करतो आहे, एवढे त्यांनी पाहिले. वरून जाणारा पवित्र आणि खालून जाणारा हलका, ही वर्गवारी त्यांच्या मुळाक्षरांत नाही.

इब्न सीना यांची आठवण इथे टाळता येत नाही. नफ्स म्हणजे काय यावर त्यांनी लिहिले ते शतकानुशतके पूर्व-पश्चिमेला वाचले गेले. आणि कुलंज, म्हणजे आतडे धरून येणारा जीवघेणा पोटशूळ, यावरही त्यांचा स्वतंत्र ग्रंथ आहे. त्यांचे शिष्य जुझजानी यांनी लिहून ठेवले आहे की उस्तादांना अखेरीस त्याच कुलंजाने ग्रासले. १०३७ साली हमदानमध्ये ते गेले. आत्म्यावर लिहिणारा माणूस आतड्याच्या दुखण्याने गेला, यात विसंगती शोधणारे शोधोत. आपल्याला तरी त्या दोन ग्रंथांत भिंत दिसत नाही.

राहिला गॅस. हा शब्द कुणी तयार केला हे नक्की ठाऊक असलेल्या मोजक्या शब्दांपैकी तो एक. ब्रुसेल्सचे वैद्य आणि रसायनशास्त्रज्ञ यान बाप्टिस्टा फान हेल्मोंट यांनी तो ग्रीक 'केऑस' म्हणजे आदिम गोंधळ या शब्दाकडे पाहत घडवला. त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापलेल्या ग्रंथात तो आहे. आपल्याकडे तो आला तेव्हा नवा कोरा होता. त्याला आजीच्या रागाची, पोरांच्या हसण्याची, म्हणींची आठवण नव्हती. म्हणून "मला गॅसचा त्रास आहे" हे वाक्य आपण लग्नाच्या पंगतीतही म्हणू शकतो. पण अशा शब्दांचे आयुष्य मोठे नसते. 'शौच' म्हणजे मुळात शुद्धी. आज तो शब्द कशासाठी वापरतात ते सर्वांना माहीत आहे. कुरआनात या विधीसाठी 'गाइत' शब्द येतो, त्याचा मूळ अर्थ खोलगट जमीन. माणसे आडोशाला जात ती जागा. आपल्या गावाकडचे 'परसाकडे' हे त्याचेच मराठी रूप म्हणावे इतके जवळचे. जागेचे नाव घ्यायचे आणि गोष्ट झाकायची. पुढे जागेचे नावच मळते आणि नवे शोधावे लागते. लपवण्याची गरज जोवर तशीच आहे, तोवर कितीही शब्द आयात केले तरी पुरायचे नाहीत. गॅसही उद्या मळेल. नाक मुरडून 'अॅसिडिटी' म्हणणारे आताच भेटू लागले आहेत, मग दुखणे काहीही असो.

या सगळ्यात फिकहने निवडलेला शब्द मात्र विलक्षण आहे: हदस. मकतबात वजू कशाने जातो हे मौलवीसाहेब शिकवतात तेव्हा या मुद्द्यापाशी येताच पोरे एकमेकांना कोपरे मारतात. त्या गडबडीत शब्दाचा अर्थ कुणी विचारत नाही. हदस म्हणजे घडलेली गोष्ट. हादसा त्यातूनच आला, हवादिसही. हदीस म्हणजे नवी गोष्ट, बोलणे, तोही त्याच मुळाचा. इल्म-ए-कलामवाल्यांनी याच मुळावर आपला सगळा डोलारा उभा केला. ज्याला आदी नाही तो कदीम. जे नव्हते आणि झाले ते हादिस. ज्याच्या ठायी घटना घडतात, जे बदलते, ते निर्माण केलेले असते, असा त्यांचा युक्तिवाद. म्हणजे वारा सरणे याला फकिहांनी घाण म्हटले नाही, पाप म्हटले नाही. 'काहीतरी घडले' एवढेच म्हटले. माणूस घडलेला आहे, म्हणून त्याच्यात काही ना काही घडत राहणारच. मक्केतल्या लोकांनी हेटाळणी केली होती की हा कसला पैगंबर, हा तर जेवतो आणि बाजारात फिरतो. कुरआनाने उत्तर दिले की याआधीचे सगळे पैगंबरही जेवत होते आणि बाजारातून फिरत होते. जेवणाऱ्याचे पुढे काय होते ते सांगण्याची गरज कुणाला वाटली नाही.

सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. हदस झाला तर वजू केल्याशिवाय नमाज कबूल होत नाही, असे अबू हुरैरा सांगत होते. हद्रमौतचा एक माणूस उठला आणि हदस म्हणजे काय, असे त्याने विचारले. अबू हुरैरांनी आढेवेढे घेतले नाहीत. आवाज न करणारा वारा किंवा आवाज करणारा वारा, असे दोन साधे बाजारू शब्द वापरून सांगून टाकले. विचारणाऱ्यालाही लाज वाटली नाही, सांगणाऱ्यालाही. आपण उठून जाताना कुणी विचारलेच तर "वजू गेला" एवढे म्हणतो आणि तेही खालच्या आवाजात.

आणखी एका बारकाव्याकडे आपले लक्ष जात नाही. वारा सरला तर धुवायचे काय? तोंड, हात, पाय. डोक्यावर ओला हात फिरवायचा. वारा जिथून गेला ती जागा धुवायला सांगितलेली नाही. तो वारा नापाक असता तर ती जागा आणि कपडे आधी धुवावे लागले असते. म्हणजे इथे मळ काढण्याचा प्रश्नच नाही. एक अवस्था संपली, पुन्हा उभे राहायचे आहे, म्हणून ताजेतवाने व्हायचे. मळ आणि हदस या दोन गोष्टी फिकहने इतक्या स्वच्छपणे वेगळ्या ठेवल्या आहेत. आपण मात्र त्या एकाच गाठोड्यात बांधल्या आणि गाठोडे म्हाताऱ्यांच्या डोक्यावर दिले.

याच क्षुल्लक वाऱ्यातून कायद्याचे एक मोठे तत्त्व निघाले आहे, हे सांगितले तर पुष्कळांना खरे वाटत नाही. नमाजात असताना एखाद्याला शंका आली की आपल्याकडून काही सुटले की काय, तर त्याने काय करावे? बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतल्या हदीसचा आशय असा की आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत त्याने नमाज सोडू नये. यातून फकिहांनी सूत्र काढले: खात्रीने जे माहीत आहे ते नुसत्या शंकेने रद्द होत नाही. सुयूतींसारख्यांनी त्याला फिकहच्या पायाभूत पाच सूत्रांत बसवले. १८६९ ते १८७६ या काळात उस्मानी राज्याने 'मजल्ला' नावाची दिवाणी संहिता तयार केली, तिच्या चौथ्या कलमात हेच आहे. बेपत्ता माणसाला मेलेला धरून त्याची मिळकत वाटून टाकू नये, कर्जाचा पुरावा नसेल तर कुणाला देणेकरी धरू नये, निव्वळ संशयावरून कुणाला गुन्हेगार ठरवू नये. सगळे या एका सूत्राच्या छायेत येते. संशयाचे हे तत्त्व आपल्याला फार जवळचे आहे. ते का जवळचे आहे, हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

हसण्याविषयीही सांगितलेले आहे. अब्दुल्लाह बिन जमआ यांच्या हदीसमध्ये एका खुतब्याची आठवण आहे. त्यात बायकोला गुलामासारखे मारणाऱ्याला समज दिली आहे, आणि त्याच खुतब्यात, वारा सरल्यावर हसणाऱ्यांना विचारले आहे की जे तुम्ही स्वतः करता त्यावर हसता कशाला? या दोन गोष्टी एका खुतब्यात कशा आल्या, याचा विचार करावा. दोन्हींत एक माणूस खाली पडलेला असतो आणि दुसरा त्याचा फायदा घेत असतो. हनफी फिकहमध्ये तर याहून मजेदार नियम आहे. रुकू-सजद्याच्या नमाजात कुणी बालिग माणूस खदखदून हसला तर नमाज जातेच, वजूही जातो. शाफईंकडे तसे नाही, त्यांच्याकडे नमाज जाते, वजू राहतो. कोकणातले आपले भाऊ तेवढ्यापुरते सुदैवी. हनफी सफेत मात्र ज्याच्याकडून वारा सरला तो आणि त्यावर मोठ्याने हसला तो, दोघांना एकाच नळाखाली जाऊन बसावे लागते. लहान मुलांना यातून सूट आहे. ती असायलाच हवी.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय वाचताना या सगळ्याची आठवण येते. अडवू नयेत असे तेरा वेग तिथे सांगितले आहेत: मल, मूत्र, वात, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप असे. वात अडवला तर पोट फुगते, दुखते, मलमूत्र कोंडते. पण तोच अध्याय पुढे अडवायलाच हवेत अशा वेगांची दुसरी यादी देतो: लोभ, क्रोध, मत्सर, निर्लज्जपणा, बोलण्यातला कठोरपणा, चहाडी, खोटे, आणि कृतीतली चोरी, हिंसा, व्यभिचार. लाज सोडा असे चरक म्हणत नाहीत, हे नीट पाहावे. लाज कुठे लावायची याचा पत्ता ते देतात. आपल्या बैठकींत दिवाणखान्यात बसून माणसे तासनतास पोट आवळून धरतात आणि त्याच वेळी गैरहजर नातेवाइकाची गीबत मोकळेपणी चालू असते. कुणी खाकरत नाही, कुणी उठून जात नाही, कुणाचा वजू जात नाही.

हा सारा शब्दांचा खेळ वाटत असेल तर घराकडे पाहावे. सत्तरीच्या पुढे आतड्यांवरचा आणि स्नायूंवरचा ताबा सुटू लागतो. जन्मभर पहिल्या सफेत उभे राहिलेले एखादे बाबा हळूहळू मागच्या सफेत, मग कोपऱ्यात दिसू लागतात आणि एक दिवस येणेच बंद करतात. घरचे समजतात गुडघे दुखत असतील. खरे कारण असे की वजू टिकत नाही आणि टिकत नाही हे सांगायला शब्द नाही. फिकहमध्ये त्यांच्यासाठी सोय आहे. ज्याला अशा त्रासातून एका नमाजेपुरतीही उसंत मिळत नाही तो 'माजूर' ठरतो; त्याने नमाजेची वेळ झाल्यावर वजू करावा आणि नमाज पढावी, मधे वारा सरला तरी हरकत नाही. हनफी-शाफई तपशिलात फरक आहे, मूळ सवलत दोघांकडे आहे. हा मसला सांगायला इमामसाहेबांना दोन मिनिटे लागतात. पण विचारणार कोण?

बायकांचे याहून कठीण. अवघड बाळंतपणात आतला स्नायू फाटला तर पुढे वारा धरून ठेवता येत नाही. यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत, गरज पडली तर शस्त्रक्रिया आहे. तरी कितीतरी जणी हे डॉक्टरीणबाईंनाही सांगत नाहीत, नवऱ्याला तर नाहीच. त्या लग्नाला जात नाहीत, मिलादच्या मजलिसीला जात नाहीत, बसमध्ये दाराजवळ उभ्या राहतात. लोक म्हणतात बाई फटकून वागते. पोटाच्या सवयी अचानक बदलणे, सतत फुगणे, वारा कोंडणे ही आतड्याच्या मोठ्या दुखण्याची खूणही असू शकते. ती वेळेत सांगितली गेली नाही तर पुढची किंमत शब्दांत मोजायची नसते.

उलट चित्र इस्पितळात दिसते. पोटाची शस्त्रक्रिया झाली की सगळे घरदार एकाच बातमीची वाट पाहत बसते. राउंडला आलेले डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "वारा सरला का?" हल्ली नव्या पद्धतीत पेशंटला लवकर खायला देतात, पण प्रश्न तोच राहिला आहे. आणि सरला म्हटल्यावर सून, जावई, व्याही, सगळ्यांच्या तोंडून "अल्हम्दुलिल्लाह" निघते. तिथे कुणी हसत नाही. आतडे जागे झाले, माणूस परत आला, याची ती वर्दी असते. रीह आणि राहत एका मुळाचे, हे तिथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. अबू दाऊदच्या संग्रहात हजरत आयेशांची एक रिवायत आहे: नमाजात हदस झाला तर माणसाने नाक धरावे आणि निघून जावे. नाक का? बघणाऱ्यांना वाटावे की घोळणा फुटला. म्हणजे इथे चक्क सोंग शिकवले आहे. नमाजेसारख्या ठिकाणी, जिथे मनातला दिखावाही चालत नाही, तिथे हे कसे चालते? दहाव्या शतकातले भाष्यकार खत्ताबी यांना हा प्रश्न पडला होता. त्यांचे म्हणणे असे की यात खोटेपणा नाही आणि रिया म्हणजे दिखाऊपणाही नाही. झाकण्याजोगे झाकणे हा अदबीचा भाग आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांना हे पटले नसते. १७९७च्या एका निबंधात त्यांनी असे मांडले की मारेकऱ्याने दारात उभे राहून मित्राचा ठावठिकाणा विचारला तरी खोटे बोलण्याचा हक्क आपल्याला नाही. कांट यांचा आदर ठेवूनही असे वाटते की त्यांच्या युक्तिवादात बोलणारा माणूस आहे, तत्त्व आहे, मारेकरीही आहे. शरमेने मरू घातलेला माणूस मात्र कुठेच नाही.

त्या माणसाचे काय होते याची गोष्ट बर्टनच्या 'अरेबियन नाइट्स'मध्ये आहे. १८८५च्या सुमाराच्या त्या भाषांतरात ती सापडते, जुन्या अरबी हस्तलिखितांत सापडत नाही, त्यामुळे ती अस्सल की बर्टनची भर यावर वाद आहे. येमेनचा अबू हसन आपल्याच लग्नात, भर मजलिसीत, मोठ्याने वारा सोडतो. पाहुणे न ऐकल्यासारखे करतात, पण त्याला ते सोसत नाही. तो मागच्या दाराने पळतो, जहाज धरून मलबारात कालिकतला येतो, दहा वर्षे तिथे काढतो. मग वतनची ओढ लागून फकिराच्या वेषात गावात परततो, तर एका झोपडीत मुलगी आईला विचारते की माझा जन्म कधीचा. आई सांगते, ज्या रात्री अबू हसनने तो आवाज केला त्या रात्रीचा. तो पुन्हा पळतो तो कायमचा. आपण ही गोष्ट ऐकून हसतो. तिच्यातला त्या आईचा भाग आपल्या लक्षात येत नाही. तिच्या मनात वाईट काही नाही, तिने फक्त तारीख लक्षात ठेवली.

बल्खच्या हातिमांची गोष्ट याच्या दुसऱ्या टोकाला आहे. शकीक बल्खींचे हे शागीर्द २३७ हिजरीत, म्हणजे इसवी सन ८५१-५२मध्ये वारले. सूफींच्या चरित्रांत ते 'हातिम अल-असम', म्हणजे हातिम बहिरा, या नावाने ओळखले जातात, पण ते बहिरे नव्हते. एक बाई त्यांच्याकडे मसला विचारायला आली होती. बोलता बोलता तिच्याकडून वारा सरला आणि ती शरमेने अर्धमेली झाली. हातिमांनी कानामागे हात धरला आणि म्हटले, मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येते. बाईचा जीव भांड्यात पडला. तिने आवाज चढवून आपला प्रश्न पुन्हा विचारला, त्यांनी उत्तर दिले, ती गेली. पण उद्या बाजारात कुणी हळू बोललेले त्यांनी ऐकले, हे तिच्या कानावर गेले असते तर आजचे सगळे वाया गेले असते. म्हणून अत्तारांनी दिलेल्या हकीकतीप्रमाणे ती बाई हयात होती तोवर, सुमारे पंधरा वर्षे, हातिम बहिरेच राहिले. शागीर्द ओरडून सबक विचारत, घरचे ओरडून जेवायला बोलावत. बाईचा इंतकाल झाल्यावर ते हळू बोललेले ऐकू लागले. नाव मात्र लोकांनी बदलले नाही.